गेम बनवणाऱ्यांनो, आमच्या तळ्यातही एक बेट आहे

पुण्या-मुंबईत, नागपुरात आणि जिथे कुठे मराठी बोलणारे लोक व्हिडिओ गेम बनवतात, त्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. घर ढिवराचं. आजोबा आणि बाबा तलावात जाळं टाकून जगले. शिकून मास्तर झालेला घरातला पहिला मी. २०२४च्या दिवाळीत बहिणीचा मुलगा नागपूरहून लॅपटॉप घेऊन आला आणि छपरीत बसून त्यानं एक गेम लावला. तेव्हापासून हे पत्र मनात लिहितो आहे.

गेमचं नाव चिया. एक लहान मुलगी आहे, हातात गुलेर आहे, सोबत युकुलेली नावाचं चार तारांचं वाद्य आहे. तिच्या बापाला पळवून नेलंय आणि ती त्याला शोधत होडीतून बेटं पालथी घालते. मी आधी भाच्याच्या मागे उभा राहून बघत होतो, मग शेजारी बसलो. आई खाटेवर लाखोळीची डाळ निवडत होती. पडद्यावरची माणसं बोलायला लागली तसे तिचे हात थांबले. तिनं विचारलं, "हे कोनती बोली होय गा बापू? माडिया होय का?"

भाचा म्हणाला, नाही आजी, फार दूरच्या समुद्रात एक बेट आहे, तिथली बोली आहे ही. आई थोडा वेळ ऐकत राहिली. एक शब्द कळत नव्हता, पण बोलण्याची लय तिला ओळखीची वाटत असावी. "म्हंजे त्याईनं आपल्याच बोलीत बनवला," ती म्हणाली. आणि डाळीकडे वळता वळता, "मंग आपल्या बोलीतला कोन बनवल?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. तिचा प्रश्न मी तुमच्याकडे पाठवतो आहे.

त्या गेमबद्दल मी नंतर जमेल तेवढं वाचलं. तुमच्यातल्या अनेकांना हे माहीत असेल, पण हे पत्र माझ्या तालुक्यातले लोकही वाचतील म्हणून सांगतो. न्यू कॅलेडोनिया हा ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, पॅसिफिक महासागरातला बेटांचा मुलूख. १८५३पासून फ्रान्सच्या ताब्यात आहे. लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे आमच्या एकट्या गोंदिया जिल्ह्याच्या साधारण पाचवा हिस्सा. तिथले मूळ रहिवासी कनक, आणि त्यांच्या भाषाच अठ्ठावीसच्या घरात. त्या मुलखात वाढलेले दोन बालमित्र, फिल क्रिफो आणि थिएरी बुरा. पुढे कॅनडातल्या माँट्रियलमध्ये त्यांनी अवासेब नावाचा लहानसा स्टुडिओ चालवला आणि आपल्या लहानपणाच्या मुलखावरून ही गेम केली. २१ मार्च २०२३ला ती बाहेर आली. पात्रं बोलतात ती फ्रेंच आणि ड्रेहू. आवाज दिले ते तिथल्याच माणसांनी. त्याच वर्षाअखेरीस द गेम अवॉर्ड्समध्ये समाजावर ठसा उमटवणाऱ्या गेमसाठीचा पुरस्कार तिला मिळाला, आणि २०२४मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेनंही करमणुकीच्या पलीकडे जाणाऱ्या गेमचा मान तिलाच दिला.

ड्रेहू ही लिफू नावाच्या एका बेटाची भाषा. बोलणारे पंधरा-सोळा हजार. आमच्याकडच्या दोन-चार मोठ्या बाजारगावांत मावतील एवढे लोक. त्यांची भाषा जगभरच्या पोरांच्या कानावर पडली. आणि गोंडी बोलणारे २०११च्या जनगणनेत जवळजवळ तीस लाख भरले, तरी ती भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि कुठल्या मोठ्या गेममध्ये ती मी ऐकलेली नाही. झाडीबोलीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या बोलीची, तर गणतीच वेगळी होत नाही, ती मराठीच्या पोटात जमा होते. माझ्या वर्गात येणारं प्रत्येक पोर पहिलीत झाडीबोली घेऊन येतं. तीन वर्षांत ते "कोटी" विसरून "कुठे" म्हणायला लागतं, आणि हे माझ्याच हातून होतं. प्रमाण भाषा त्याला यायलाच हवी, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण घरची भाषा फक्त घरातच चालते, बाहेरच्या कुठल्याही झगमगीत वस्तूत ती नसते, हे ते पोर फार लवकर शिकतं. मला त्याचं वाईट वाटतं.

आता चिया गेममधल्या ज्या गोष्टीनं मला धरून ठेवलं ती सांगतो. तिच्या नकाशावर तुम्ही नेमके कुठे उभे आहात ते दिसत नाही. नकाशा आहे, होकायंत्र आहे, वाटेवर पाट्या आहेत, पण आपली जागा आपणच ओळखायची. डोंगर कुठल्या अंगाला आहे, किनारा कसा वळलाय, झाडी कुठे दाट झाली, यावरून. भाचा पहिल्या दिवशी वैतागला होता. मला मात्र वाटलं, या लोकांना गाव म्हणजे काय ते कळलंय. आमच्याकडे कुणाला वाट विचारा. धुऱ्यानं जा, दोन बांध्या सोडल्या की मोहाचं झाड लागेल, तिथून तळ्याची पाळ दिसते, पाळीवरून उगवतीला. ज्याला मोह ओळखता येत नाही तो चुकतो. मुलगी उंच जागी चढून जोरात हाळी देते आणि मग आसपासच्या जागा नकाशावर उमटतात. गुराख्याची पोरं जंगलात हेच करतात, हाळी देतात आणि उलट आलेल्या आवाजावरून कळप कुठे आहे ते ठरवतात.

होडीचंही तसंच. शीड उभारायचं तर डोलकाठीपाशी जावं लागतं, सुकाणू धरायचं तर मागे यावं लागतं, थांबायचं तर नांगर टाकावा लागतो. एक बटण दाबलं आणि निघालो असं होत नाही. ज्यानं हे बसवलं तो नक्की कधीतरी होडीत बसलेला माणूस असणार. मी डोंग्यात वाढलो. एकाच लाकडातून कोरलेला डोंगा, उभं राहिलं की डुलतो, आणि बाबा त्यात उभे राहून जाळं फेकायचे. माझ्या पिढीत ते कौशल्य आमच्या घरातून गेलं. पडद्यावरची ती पोरगी होडीत इकडून तिकडे पळताना बघून माझ्या पायांना डोंग्याचं डुलणं आठवलं.

आणि तिला एक विद्या येते. ती पक्ष्यात शिरते, हरणात, कासवात, नारळात, दगडातसुद्धा. पक्षी होऊन बेट वरून बघते, कासव होऊन पाण्याखाली जाते. आमच्या शाळेत मी परिसर अभ्यास शिकवतो. तलावातला मरळ मासा पिल्लांना कसा राखतो हे पुस्तकातून सांगताना चाळीसपैकी दहा मुलं ऐकतात. ते पोर स्वतः मरळ झालं तर? शेवाळाखालून पोहत पिल्लं राखताना बगळ्याची सावली वरून आली की तोंड वळवायचं, एवढं जरी त्याला करायला मिळालं, तर मला वर्गात काही सांगायची गरज उरणार नाही.

तुम्हाला वाटेल, विदर्भात कसली बेटं. समुद्र आमच्यापासून शेकडो कोस दूर आहे. पण नवेगाव बांधचा तलाव बघा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. भोवती डोंगर, आणि तलावाच्या आत मालडोंगरी नावाचं एक बेट. डोंगराच्या सात शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. बांध टिकत नव्हता तेव्हा या बहिणींनी हात लावला म्हणून तलाव पुरा झाला, असं मानतात. कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला, त्याचं ठाणं तिथेच आहे. तलाव बांधणाऱ्या माणसाचा देव होतो, असा हा मुलूख आहे.

आणि तो एकच तलाव नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचा हुकूम होता की जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन. त्या जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे, तिथे राहणाऱ्या किती जणांना त्या नावाचा अर्थ माहीत असेल कोण जाणे. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि त्यांना नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. लोक तोंडानं मामा तलाव म्हणतात.

हे तलाव सुटे सुटे नसतात. वरचा भरला की सांडव्यातून पाणी खालच्यात, खालचा भरला की त्याच्या खालच्यात. मधल्या एकाची पाळ फुटली तर खालच्या गावाची झोप उडते. पाणी शेतात सोडायला पाळीत तुडूम असतं, दगडी बांधणीचं, पाणी खाली उतरेल तशी एकेक पायरीची भोकं उघडत जायची. याच्याइतकं गेममध्ये बसणारं दुसरं काय असेल मला सांगा. कुठलं तुडूम कधी उघडायचं, कुणाच्या बांधीला आधी पाणी, माशांसाठी तळाशी किती राखायचं, यावर आमच्या गावात पिढ्यान्पिढ्या भांडणं आणि समझोते झाले आहेत. तुम्ही रात्रभर बसून जी कोडी रचता ती इथे चिखलात आधीच रचून ठेवली आहेत.

हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस आमच्या तलावांवर उतरतात. पोराला त्या हंसात शिरू द्या. वरून त्याला तलाव एकाखाली एक कसे बसवलेत ते दिसेल, जे पाळीवर उभं राहून मलाही नीट दिसत नाही. धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसेल. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो जवळजवळ सगळा गोंदियात आणि त्याच्या शेजारी. मग पोराला कासव करा, शिंगाड्याच्या वेलाखालून जाऊ द्या.

खलनायकही शोधायला लांब जावं लागणार नाही. चिया गेममध्ये मेआवोरा नावाचा जुलमी राजा आहे आणि कापडाचे जिवंत केलेले शिपाई आहेत, त्यांना आग लावली की जळून जातात. आमच्या तलावांत बेशरम नावाचं झुडूप आहे. बाहेरून आलेलं. तोडलं तर पुन्हा फुटतं, काठ गिळत आत येतं, त्याच्याखाली मासा अंडी घालू शकत नाही. भंडारा-गोंदियात ढिवर बायांनी पाण्यात उतरून ते मुळासकट उपटलं आहे, गाळात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत आणि गेलेले मासे परत आलेले पाहिले आहेत. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे त्या बायांना तोंडपाठ आहे. सरकारी योजनांतून रोहू-कतल्याचं बीज आलं, तलावात तेच तेच सोडलं गेलं, आणि गावच्या माशांची नावं पोरांच्या तोंडातून गेली. माझ्या वर्गातल्या मुलांना मोबाइलवरच्या बंदूकबाजीच्या गेममधलं पोचिंकी नावाचं गाव घराघरानिशी माहीत आहे. कुठल्या घरात काय सापडतं, कुठून पळायचं. तुडूम कशाला म्हणतात ते त्यांना माहीत नाही. मी त्यांना दोष देत नाही. पोचिंकी कुणीतरी फार मेहनतीनं, त्यांना पुन्हा पुन्हा यावंसं वाटेल असं बांधलं आहे. तुडूम तसं कुणी बांधून दाखवलेलं नाही.

इथे मला एक विनंती करायची आहे आणि ती जरा कळकळीनं करतो. विदर्भावर काही करायचं म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोनच चित्रं दिसतात. एक झाडाला लटकलेला दोर, दुसरं जंगलातली बंदूक. दोन्ही खरं आहे. आमच्या शाळेतल्या पोरांनी दोन्हीची झळ पाहिली आहे. पण तेवढ्यावर गेम करू नका. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी अशा तीन नद्या भेटतात, तिथल्या माडिया पोराला नदीत उतरण्याची, मोहाच्या हंगामात पहाटे फुलं वेचायला जाण्याची, रेला नाचात उभं राहण्याची गोष्ट कुणीतरी द्यायला हवी. न्यू कॅलेडोनियातही सगळं सुरळीत नाही. स्वातंत्र्याचा प्रश्न तिथे जुना आहे, तीनदा सार्वमत झालं, आणि मे २०२४मध्ये मतदानाच्या हक्काच्या वादावरून मोठा भडका उडाला, माणसं मेली. जगभरच्या बातम्यांत त्या बेटांचं नाव आलं ते जळत्या गाड्यांबरोबर. माझ्या भाच्याच्या कानावर मात्र ते नाव पडलं ते एका पोरीच्या गाण्याबरोबर. त्यामुळे जळत्या गाड्यांची बातमी वाचताना तिथे राहतात ती माणसं त्याला आधी दिसली, असं तो म्हणाला.

दुसरी विनंती पवित्र गोष्टींबद्दल. सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव तिथे येतात. गुहेत कोंडलेल्या मुलांची आणि पारी कुपार लिंगोची कथा तिथे सांगतात. किंगरी या तंतुवाद्याच्या सुरांनी गुहेच्या तोंडावरचा दगड हलला, आणि वाजवणारा त्याच दगडाखाली गेला, असं सांगतात. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. चिया गेममधली पोरगी युकुलेलीवर सूर छेडते आणि दिवसाची रात्र होते, प्राणी येऊन उभे राहतात. ते बघताना मला लगेच किंगरी आठवली, तुम्हालाही आठवेल. पण कचारगड ही कुणाच्या तरी श्रद्धेची जागा आहे, आणि मी स्वतः गोंड नाही. ती कथा घ्यायची की नाही, घ्यायची तर किती, हे त्या समाजाच्या जाणत्या माणसांना विचारून ठरवा, आणि ते नाही म्हणाले तर सोडून द्या. चिया करणाऱ्यांनी खऱ्या मुलखाचा नकाशा जसाच्या तसा उचलला नाही, स्वतःचा कल्पित द्वीपसमूह बांधला. तो एक मार्ग आहे. २०१४ साली अलास्काच्या इनुपिआत लोकांची नेव्हर अलोन नावाची गेम आली. तिथल्या आदिवासींची परिषद स्वतः भागीदार होती, जाणत्यांशी बोलून गोष्ट बांधली, आणि ती सांगणारा आवाज इनुपिआतांच्या भाषेत बोलतो. तोही एक मार्ग आहे.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची घोषणा तुम्ही ऐकली असेल, "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." जंगलातला बांबू कुणी, किती, कसा न्यायचा हे ते गाव ग्रामसभेत ठरवतं. गोष्ट, गाणं आणि आवाज यांच्याबाबतही मला तेच म्हणायचं आहे.

हे मी हवेत बोलत नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची माणसं आमच्या गावात आली होती. रोवण्याची, म्हणजे धानाच्या लावणीची, गाणी गोळा करत होती. माझी आई रोवण्यात पुढे उभी राहून गायची, बाकीच्या बाया मागून धरायच्या. तिनं दोन दिवस त्यांना गाणी दिली. चिखलात उभी राहून, मग संध्याकाळी घरी बसूनही, कारण चिखलात वाऱ्याचा आवाज येतो असं ते म्हणाले. तिनं त्यांना भात आणि झिंग्यांची भाजी वाढली. जाताना त्यांनी प्रत पाठवू म्हटलं. पत्ता लिहून घेतला. पुढे बऱ्याच दिवसांनी त्यातलं एक गाणं मला मोबाइलवर ऐकायला मिळालं, कुणा दुसऱ्याच शहरी गळ्यात, "न"चे "ण" करून, लय सरळ करून, मागे वाद्यं लावून. आईचं नाव कुठेच नव्हतं. मी ते तिला ऐकवलं नाही. प्रत आलीच नाही, मी दोनदा फोन केला आणि मग सोडून दिलं. ते सोडायला नको होतं. गेल्या आषाढात आई गेली. तिचं गाणं आता आमच्या घरात कुणाकडे नाही. मला तीन ओळी येतात.

म्हणून तुम्ही याल तेव्हा आवाज देणाऱ्याला पैसे द्या, नाव लिहा आणि प्रत त्याच्या हातात ठेवून मगच गाडीत बसा. कागद झाला पाहिजे आणि तो मराठीत पाहिजे.

आवाजांची कमी पडणार नाही. वडसा-देसाईगंजला जा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नाटक कंपन्यांच्या पाट्या आहेत. दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू होतात आणि गावोगाव झाडीपट्टीची नाटकं लागतात, होळीपर्यंत. रात्री उशिरा पडदा उघडतो, उजाडताना माणसं घरी जातात. फार तालमी नसतात, पडद्याआडून सांगणारा असतो, आणि नट त्या आधारावर हजारो माणसांपर्यंत पोचेल असा आवाज लावतात. २०२३ला या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे घरचं लग्न असावं असा आनंद होता. दंडार करणारे आहेत, खडी गंमत करणारे शाहीर आहेत. हंगाम नसतो तेव्हा यातले बरेच जण शेतात राबतात. त्यांना उन्हाळ्यात काम द्या. गोंडी आणि माडिया बोलणारी शिकलेली तरुण पोरं गडचिरोलीत आहेत. आणि लिपीची अडचण सांगू नका. मसराम गोंडी २०१७ला आणि गुंजाळा गोंडी २०१८ला युनिकोडमध्ये आली आहे, अक्षरं संगणकात कधीचीच पोचली आहेत.

हात तुमच्याकडे आहेत हेही मला माहीत आहे. पुण्यातल्या मंडळींनी केलेली राजी २०२० साली आली आणि जगभर खेळली गेली. पैसाही येऊ घातला आहे. महाराष्ट्र शासनानं सप्टेंबर २०२५मध्ये अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं, ३,२६८ कोटी रुपयांचं. त्यातला किती वाटा वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत येईल हे तुम्ही काय मागता यावर ठरेल, आणि आम्ही काय मागतो यावरही. हे पत्र आमच्या बाजूची मागणी समजा.

एक व्यवहाराची गोष्ट. चिया खेळायला चांगला लॅपटॉप लागतो किंवा गेमचं यंत्र. भाच्याचा लॅपटॉप तापून पंखा घरघरायचा. आमच्या गावात पोरांच्या हाती येतो तो बापाचा जुना मोबाइल, संध्याकाळी बाप घरी आल्यावर, तासभर. साठवण भरलेली, काच तडकलेली. रेंज पाळीवर येते, घरात येत नाही. तुमची गेम त्या मोबाइलवर चालली पाहिजे आणि रेंज नसताना चालली पाहिजे. तीन तलाव आणि एक बेट एवढीच असली तरी चालेल. मोठी, देखणी आणि फक्त नागपूरच्या पुढे चालणारी गेम केलीत तर आमच्या मुलखाची गोष्ट आमच्याच पोरांना सोडून सगळे खेळतील. मला त्यापेक्षा लहान हवी आहे.

आणि बोलणं खरं झाडीबोलीत ठेवा. "बापू", "गा", "वो" काढून टाकू नका, "कोटी"चं "कुठे" करू नका. पुण्याच्या वाचकाला कळणार नाही म्हणून खाली प्रमाण मराठीत ओळ द्या, त्याला हरकत नाही. आमची पोरं इतकी वर्षं तुमची मराठी खालची ओळ न वाचता समजून घेत आली आहेत. एकदा तुम्ही आमची वाचा.

कधी यायचं ते सांगतो. कार्तिकात या. धान कापणीला आलेला असतो, तलाव भरलेले असतात, हंस उतरायला लागतात आणि मंडया सुरू होतात. गोंदिया-बल्लारशा गाडीनं देवलगावला उतरा, तिथून नवेगाव बांध जवळ आहे, मी न्यायला येईन. राहायला आमची छपरी आहे. पहिले दोन-तीन दिवस काही रेकॉर्ड करू नका. डोंग्यात बसा, पाळीवरून चाला, ढिवर बायांबरोबर पाण्यात उतरा, रात्री नाटकाला चला. चौथ्या दिवशी यंत्रं काढा. शाळेतली पोरं तुम्हाला हाळी कशी द्यायची ते शिकवतील.

आणि तुमच्या ओळखीत कुणाकडे जुन्या रेकॉर्डिंगच्या ढिगात रोवण्याची गाणी पडली असतील, गोंदिया जिल्ह्यातली, एक वयस्क बाई पुढे गाते आणि मागे वारा वाजतो अशी, तर येताना तेवढी घेऊन या.

आपला,
अर्जुनी मोरगाव तालुक्यातला एक शिक्षक